ऑपरेशन झालं, पुढं काय?

(मलकापूर येथे प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका निवृत्त परिचारिका ताईंनी केलेलं भाषण)



सभेआधी मी तुमच्या दोन-तीन गटांच्या कर्जाच्या वह्या चाळल्या. शेती, शिलाई मशीन, शेळ्या, आणि मधेमधे दवाखाना. अपेंडिक्स, हर्निया, पित्ताशयातले खडे, गर्भपिशवी. माझी सगळी नोकरी सर्जरीच्या वॉर्डात गेली, म्हणून आज त्यावरच बोलते.

ही ऑपरेशनं रोज होतात आणि बहुतेक माणसं धडधाकट घरी जातात. हे आधी सांगते, कारण भीतीपोटी दुखणं अंगावर काढणंही वाईटच. अपेंडिक्स सुजलेलं असताना कुणी एरंडेल घेतं, जुलाबाची गोळी घेतं आणि दोन दिवस घरात काढतं. ते पोटात फुटलं की साधं ऑपरेशन अवघड होऊन बसतं.

ऑपरेशनच्या सकाळी मी विचारायची, काही खाल्लं का? "नाही बाई, नुसता चहा घेतला." अहो, दुधाचा चहा पोटासाठी अन्नच! भूल दिल्यावर तो वर येऊन फुप्फुसात उतरला तर जिवावर बेततं. मिश्रीचं विचारलं की सासूसमोर सून नाही म्हणायची, सासू बाहेर गेली की हळूच हो. मिश्रीनं, तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो, म्हणून विचारतो. साखर आहे का, बीपीची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, आधी कुठल्या इंजेक्शनानं अंगावर पुरळ उठलं होतं का, सगळं सांगा. तिथं लाजायचं नाही.

नाव काय, कुठल्या बाजूचं ऑपरेशन, हे पुन्हा पुन्हा विचारतात म्हणून चिडूही नका. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑपरेशनच्या खोलीसाठी १९ मुद्द्यांची यादी केली. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९ साली आकडे छापून आले. ऑपरेशननंतर मोठा त्रास होणारे शंभरात ११ होते, ते ७ वर आले. मृत्यू हजारात १५ होते, ते ८ झाले. महागडं मशीन आणलं नव्हतं. आपण बैठकीत हजेरी, बचत, परतफेड ओळीनं वाचून घेतो ना, तसंच ते काम.

तुम्हीही डॉक्टरांना एक विचारायचं: हे ऑपरेशन आत्ता नाही केलं तर काय होईल? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचं तुम्ही ऐकलं असेल. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पाहणी केलेल्या ८२ हजारांवर बायांपैकी १३ हजारांवर बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. काही वेळा पिशवी काढावीच लागते. पण अंगावरून पांढरं जातं एवढ्यावर हो म्हणू नका. गोळ्या-औषधानं भागतं का ते विचारा, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, मग ठरवा.

आता घरी आल्यानंतरचं. वॉर्डात आम्ही लक्ष ठेवतो, घरी तुमचं तुम्हालाच ठेवावं लागतं. टाक्यांना थोडी ओढ लागते, दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस खांदा दुखतो. तो पोटात भरलेल्या वायूमुळे, त्याला घाबरायचं नाही. पण जखम लाल होऊन गरम लागली, त्यातून पाणी किंवा पू आला, ताप आला, पोट फुगून उलट्या लागल्या, लघवी अडली, डोळे पिवळे दिसले, एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दम लागला, छातीत दुखलं तर १०८ ला फोन लावा.

माझ्याच जावेचं सांगते. बेंबीच्या हर्नियाचं ऑपरेशन नीट झालं. पाचव्या दिवशी जखम ओलसर झाली, तर हिनं त्यावर हळद दाबली. घरात मी सिस्टर, पण मलाही सांगितलं नाही. कपाशी फुटली होती, वेचणीला बाई मिळत नव्हती. नवव्या दिवशी तापानं फणफणली तेव्हा कळलं. टाके उघडावे लागले, महिनाभर रोज ड्रेसिंग. मी विचारलं, काहून नाही सांगितलं? तर म्हणे, "पुन्हा पैसे लागतीन म्हनून." तिचं ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं होतं. त्यात सुटी झाल्यापासून दहा दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं धरलेली असतात. हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नव्हतं. तुम्ही सुटीच्या वेळीच आरोग्यमित्राला विचारून घ्या. योजनेचा नंबर १५५३८८.

आणखी एक, डाळ-अंडं खाल्लं की जखम पिकते म्हणून बाईला नुसत्या भातावर ठेवतात. डॉक्टरांनी बंद केलं नसेल तर डाळ, अंडं, दूध द्या. जखम त्यानंच भरते. डॉक्टर उठ म्हणाले की उठायचं, घरात हिंडायचं. पडून राहिलं तर पायात रक्ताच्या गाठी होतात.

पण हिंडणं वेगळं आणि हंडा उचलणं वेगळं. हर्नियानंतर साधारण सहा आठवडे जड उचलायचं नाही, असं आम्ही कागदावर लिहून देतो. हंडा कोण आणणार, ते त्या कागदावर नसतं. म्हणून माझं मागणं एवढंच, की गटात कुणाच्या ऑपरेशनसाठी कर्ज मंजूर कराल त्याच बैठकीत दोन नावं ठरवा. एक पाणी भरणारी. दुसरी रोज जाऊन जखम बघणारी, निदान पहिले दहा दिवस. कर्जाच्या रकमेखालीच लिहून ठेवा.

आता विचारा काय विचारायचं ते. चारचौघींत विचारायचं नसेल तर चहाच्या वेळी मी बाहेर ओट्यावर बसते, तिथं या.