ठेव हाती कधी पडते?



भिवंडीत बचतीवर बोलायचे तर सुरुवात यंत्रमागापासून करावी लागते. माग थांबला की मजुरी थांबते, आणि मजुरी थांबली की पासबुकातली शिल्लक किराणा दुकानाकडे वळते. करोनाच्या टाळेबंदीच्या वर्षात, म्हणजे २०२०-२१ मध्ये, मात्र देशातल्या कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास गेली. ज्यांचे पगार चालू होते, त्यांना खर्चायला बाजार उघडा नव्हता. मे २०२० च्या सुरुवातीला भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरला गावी परतणाऱ्या मजुरांची जी श्रमिक गाडी सुटली, तिच्यातल्या मजुरांना या बचतवाढीबद्दल कोणी विचारले नाही. एकाच संकटात एकाची शिल्लक वाढते, दुसऱ्याची संपते. सरासरीत दोघेही दिसत नाहीत.

कमाई पुन्हा सुरू झाली, तरी पैसा बँकेत परततोच असे नाही. बँकवाले मग व्याजाचा दर पाव टक्क्याने वाढवतात. मला हा उपाय फारसा पटलेला नाही. संकट पाहिलेला माणूस व्याज नंतर विचारतो. गरज पडली त्या दिवशी पैसे मिळतील का, हे आधी विचारतो.

पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचेच घ्या. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. सहा महिन्यांत काढता येतील फक्त एक हजार रुपये! पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढली. बँकेच्या कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती, आणि ती बनावट खात्यांच्या आडोशाने लपवलेली होती. ठेवीदाराने ताळेबंद वाचला असता तरी त्याला काय कळणार होते? जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरच्या ठेवी मात्र हप्त्यांनी, काहींच्या तर दहा वर्षांपर्यंत, मिळायच्या आहेत. असे सोसलेल्या घराला भित्रे म्हणू नका, ते हिशेबी झालेले असते. २००८ च्या जागतिक संकटानंतर आपल्याकडे ठेवींचा ओढा सरकारी बँकांकडे वाढला, त्यामागेही हाच हिशेब होता.

पंजाब अँड महाराष्ट्र बँकेच्या धक्क्याने एक चांगले घडले. १९९३ पासून एक लाखावर थांबलेले ठेवविमा संरक्षण फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाखांवर गेले. २०२१ च्या कायदादुरुस्तीने, निर्बंध लागल्यावर विम्याची रक्कम साधारण नव्वद दिवसांत देण्याची तरतूद झाली. माझ्या मते रकमेच्या वाढीपेक्षा ही मुदत मोलाची आहे.

पण हे किती घरांना ठाऊक आहे? मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख, तेही एका बँकेतल्या सर्व शाखांचे एकत्र, हे काउंटरवर कोण सांगतो? पतसंस्थेतल्या ठेवीला हे विमाकवच नाही, हे तर बोललेच जात नाही. मग बायका भिशी लावतात, सोने घेतात. त्यांना अडाणी समजणारे अधिकारी मी पाहिले आहेत. दोष त्या अधिकाऱ्यांचा आहे.

इथे जमलेल्या सहकारी बँकांच्या संचालकांना माझी विनंती आहे. व्याजदराच्या फलकाशेजारी दुसरा फलक लावा: ठेवीला विमा किती, पैसे किती दिवसांत, आणि आपल्या मोठ्या कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती हिस्सा आहे. मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगूत लावा. तसा ठराव याच परिषदेत व्हावा.