शेजारच्या घरातील पठण



बीदरला पाहुणे आले की आपण त्यांना महमूद गवानांचा मदरसा दाखवायला नेतो. 1472 साली उभारलेल्या या वास्तूच्या दर्शनी भिंतीवर रंगीत फरशांतून कुराणाची वचने लिहिलेली आहेत. आपण रंगांचे कौतुक करतो; त्या अक्षरांत काय आहे, हे सहसा विचारत नाही. शेजारून येणाऱ्या पठणाचेही तसेच. पिढ्यान्‌पिढ्या ते कानांवर पडते, पण समजून घेतले जात नाही. मी जैन, व्यवसायाने होमिओपॅथीचा डॉक्टर. अरबीचा पंडित नव्हे. शेजारी या नात्याने जे उमगले, तेवढे आपल्यापुढे ठेवतो.

कुराणात 114 अध्याय आहेत. त्यांना सूरह म्हणतात. पहिला अल-फातिहा 7 आयतींचा. ती प्रार्थना आहे आणि दिवसाच्या पाचही नमाजांत ती म्हटली जाते. दुसरा अल-बकरा 286 आयतींचा, सर्वांत मोठा. पुढे अध्याय साधारणपणे लहान होत जातात. मांडणी काळाच्या क्रमाने नाही. शेवटाकडचे छोटे अध्याय बहुतांशी मक्केतले, म्हणजे आधीचे. ईश्वराचे एकत्व, मृत्यूनंतरचा न्याय, अनाथांची हेळसांड हे त्यांचे विषय. मदीनेतल्या मोठ्या अध्यायांत विवाह, वारसा, कर्ज, युद्ध आणि तह येतात. याच ग्रंथाचे 30 पारेही केले आहेत. रमजानमध्ये तरावीहच्या नमाजात हाफिज संपूर्ण कुराण तोंडपाठ ऐकवतात.

पठणाच्या शास्त्राला तजवीद म्हणतात. कोणता वर्ण कंठातून काढायचा, कुठे लांबवायचा, कुठे थांबायचे, हे सारे त्यात ठरलेले असते. आपल्याकडे ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत जसा फरक, तसाच अरबीत ‘कल्ब’चा. क घशातून खोल काढला तर हृदय, वरून काढला तर कुत्रा! म्हणून मदरशातले मूल एकेक अक्षर घोटते. आपला णमोकार मंत्रही प्राकृतात आहे. अर्थ सांगता न येणारी आजीसुद्धा त्याचा उच्चार चुकू देत नाही.

अखेरच्या घटका मोजणाऱ्या रुग्णांच्या घरी मी अनेकदा बसलो आहे. कुठे कानाशी णमोकार चाललेला असतो, कुठे 83 आयतींची यासीन. औषधाचे काम तिथे संपलेले असते; नातेवाइकांचा आवाज तेवढा रुग्णाच्या सोबतीला उरतो.

आता मुख्य मुद्दा. 1948च्या आठवणी आपल्या जिल्ह्यांत दोन्ही बाजूंच्या घरांत आहेत, आणि त्या हलक्या नाहीत. त्यात आज मोबाइलवर एखादी सुटी आयत येते आणि मने कलुषित होतात. आमच्या वैद्यकात एका लक्षणावर औषध ठरत नाही. सगळी लक्षणे एकत्र पाहावी लागतात. ग्रंथाचेही तसेच. युद्धाची आयत वाचायची तर तिच्या मागची-पुढची आयत आणि प्रसंगही वाचावा. मग मतभेद उरला तरी तो अभ्यासाचा असेल, अफवेचा नसेल.

विनोबांनी हेच केले. ते अरबी शिकले, मूळ कुराण वाचले आणि विषयवार निवड करून ‘कुराण-सार’ सिद्ध केले. पुढे त्यांच्याच आग्रहातून जिनेंद्र वर्णींनी 756 गाथांचे ‘समणसुत्तं’ संकलित केले. 1974 साली दिल्लीत सर्व जैन संप्रदायांच्या प्रतिनिधींनी ते मान्य केले. ज्या हातांनी शेजाऱ्याचा ग्रंथ आदराने उघडला, त्यांनीच आम्हा जैनांनाही एका ग्रंथापाशी आणले.

सुरुवात कुठून करावी, असे आपण विचाराल. 107वा अध्याय घ्या, अल-माऊन. अवघ्या 7 आयती. अनाथाला हुसकावणारा, गरिबाला जेवू घालण्याची प्रेरणा न देणारा, लोकांना दिसावे म्हणून नमाज पढणारा आणि साधी वस्तूही नाकारणारा, अशांना त्यात बोल लावला आहे. ‘माऊन’ म्हणजे भांडे, बादली, कुऱ्हाड अशा शेजाऱ्याला उसन्या द्यायच्या वस्तू, असे भाष्यकार सांगतात. आपल्या गल्लीत अशी देवघेव चालत आलीच आहे. हा अध्याय आधी मराठीत वाचा, मग शेजारच्या चाचांना म्हणून दाखवायला सांगा. ते आनंदाने म्हणतील, आणि जाताना चहा घेतल्याशिवाय सोडणार नाहीत.