पाटीच्या तळाचा मासा

मी पायदळातून निवृत्त झालेला माणूस. समुद्राशी माझा संबंध सुट्टीपुरता, आणि नौदलाशी चेष्टेपुरता. त्यामुळे सागरी मासळीच्या संशोधनावर हा काय बोलणार, असं तुमच्यातल्या काहींना वाटलं असेल. रास्त आहे. पण माझी पुतणी कोचीत पीएचडी करते, तिचा विषय तारली, आणि गेल्या पावसाळ्यात मी सहा आठवडे तिच्याकडे राहिलो. सकाळी बर्फाची पेटी धरून तिच्या मागे बंदरावर जायचो. एवढीच माझी पात्रता.

आधी तारलीविषयी. मल्याळममध्ये तिला मत्ती म्हणतात. स्वस्त, तेलकट, सामान्य माणसाच्या ताटातला मासा. २०१२ साली केरळात सुमारे चार लाख टन तारली किनाऱ्याला लागली. २०२१ साली साडेतीन हजार टनसुद्धा नाही. म्हणजे जिथे शंभर पाट्या उतरायच्या तिथे एक. समुद्राचं तापमान, पाऊस, माशाचं खाद्य, पिल्लांची मासेमारी, अशी बरीच कारणं सांगितली जातात आणि त्यांतलं कुठलं किती जबाबदार, यावर शास्त्रज्ञांचे वाद चालतात. ते वाद मला कळत नाहीत. मला कळलं ते एवढंच, की कुठल्याही बाजूने बोलायचं तर आधी कुणीतरी बंदरावर बसून मासे मोजलेले असावे लागतात. ते कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा चोवीस-पंचवीस वर्षांचा विद्यार्थी.

पहाटे साडेचारला निघायचं. बस नसते, रिक्षा महाग, म्हणून जुनी स्कूटर. बंदरावर होड्या लागल्या की लिलाव सुरू होतो आणि लिलाव कुणासाठी थांबत नाही. त्या गोंधळात होडी कुठली, जाळं कुठलं, किती खोल पाण्यात टाकलं, हे विचारून लिहून घ्यायचं. मल्याळममध्ये. ही आमची कराडची पोरगी, घरात मासा वर्षातून चार वेळा शिजणार, ती तिथल्या बायकांशी घासाघीस करताना पाहून मी थक्क झालो. त्या तिला ‘मोळे’ म्हणतात, म्हणजे पोरी.

मग नमुना घ्यायचा. मला वाटलं यात काय, मूठभर मासे उचलायचे. मी उचललेही. ती म्हणाली, “काका, ते परत टाका. तुमचा हात मोठ्या माशांकडे गेला.” आणि खरंच, चकाकणारा, भरलेला मासा हात आपोआप शोधतो. म्हणून ती पाटीच्या वरून, मधून आणि तळातून घेते, न निवडता, तळाचे दबलेले, पोट फुटलेलेही. नाहीतर वहीतली तारली समुद्रातल्या तारलीपेक्षा मोठी होते, आणि सगळं ठीक आहे असं वाटतं.

प्रयोगशाळेत पुढचे सहा-सात तास. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी, मिलिमीटरमध्ये. वजन. मग पोट फाडायचं. आपण जिला चवीने गाबोळी म्हणतो ती इथे वेगळी काढून तोलतात, कारण शरीराच्या मानाने गाबोळी किती जड झाली, त्यावरून मासळी कधी अंडी घालणार ते कळतं. जठरातलं खाणं सूक्ष्मदर्शकाखाली. सगळ्यात नाजूक काम डोक्यातल्या खड्याचं. माशाच्या कानात चुन्याचा एक कण असतो, तारलीचा तर इतका लहान की शिंक आली तर गेला. त्यावर झाडाच्या खोडासारखी वलयं असतात, त्यावरून वय काढतात. थंड देशांत हिवाळ्यामुळे वर्षाचं वलय उठून दिसतं. आपल्या उबदार पाण्यात ते तितकं स्पष्ट नसतं. ती एकच खडा दोनदा वाचते, आठवडाभराच्या अंतराने, आधीचं उत्तर न बघता. दोन्ही जुळले नाहीत तर खडा बाद. फौजेत गस्त न घालता गस्तीचा अहवाल लिहिणारे मी पाहिले आहेत, म्हणून या शिस्तीची किंमत मला कळते. तिथे तपासायला कुणी उभं नव्हतं.

वासाबद्दल सगळे विचारतात. वास जात नाही. लिंबू, कॉफीची पूड, सगळं करून झालं. शेजारच्या खोलीतल्या मुली आता बोलायच्या थांबल्या आहेत. शिष्यवृत्तीबद्दल कुणी विचारत नाही. नेट उत्तीर्ण संशोधकाला २०२३पासून महिना ३७,००० रुपये मंजूर आहेत, पण ते दरमहा येतातच असं नाही. बर्फ, पेट्रोल आणि मासे मात्र रोखीने. माझ्या भावाने तीन महिने पैसे पाठवले, आणि मुलगी मासे कापते हे नातेवाइकांना सांगायचं अजून टाळतो. त्याला मी फोनवर जे बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही.

आता मुख्य गोष्ट. केरळात २०१५पासून नियम आहे, तारली दहा सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर पकडायची नाही. अंडी घालण्याइतकी ती साधारण पंधराच्या आसपास होते, म्हणजे नियम तसा सैलच. पावसाळ्यात ट्रॉलरना ५२ दिवस बंदी, पण पारंपरिक होड्या जातात, आणि तारलीचा अंडी घालण्याचा मुख्य काळही हाच. म्हणून हिचं काम भर पावसात. जुलैत एका होडीतून पिल्लंच पिल्लं उतरली. आठ, साडेआठ सेंटिमीटर. मालक ओळखीचा, हिला नेहमी फुकट मासे देणारा. त्याने हिला बाजूला घेऊन सांगितलं, ही पाटी लिहू नकोस. कर्ज होतं त्याच्यावर, चौदा माणसं होडीवर, आणि कित्येक फेऱ्या रिकाम्या गेलेल्या. तो खोटं बोलत नव्हता.

तिने समजावलं की ती दंड करणारी नाही, तिच्या वहीत मालकाचं नाव जात नाही. तो म्हणाला, आज नाव जात नाही, उद्या नियम येतो. यातही तो खोटा नव्हता! दहाचे उद्या बारा झाले, तर ते असल्याच वह्यांच्या आधाराने होणार.

तिने पाटी लिहिली. रात्री जेवली नाही. मी काही बोललो नाही, कारण सल्ला देणं सोपं आणि दुसऱ्या पहाटे त्याच धक्क्यावर जायचं तिला होतं. पुढचे तीन आठवडे त्याने मासा दिला नाही. बाजारातून आणता आला असता, पण बाजारातल्या माशाला होडी नसते, जाळं नसतं, ठिकाण नसतं. मागच्या महिन्यांच्या आकड्यांवरून अंदाजाने रकाना भरणंही शक्य होतं.

मी निघालो त्या दिवशी ती वही पाहिली. त्या होडीच्या ओळीत तीन तारखांपुढे पेनाने लिहिलं होतं: नमुना मिळाला नाही.