मातीचा बैल आणि मुलाचे मन
(केंद्राच्या शिक्षण परिषदेत पहिली-दुसरीच्या शिक्षकांपुढे केलेले भाषण)



लहान मुलांना स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखता याव्यात, यासाठी हस्तकाम आणि गोष्ट यांचा उपयोग कसा करावा, यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. उपाय सांगण्यापूर्वी माझ्या हातून घडलेली एक चूक आपणांपुढे मांडतो. कारण या विषयाकडे मी वळलो तो त्या चुकीमुळेच.

पोळ्याचा आदला दिवस होता. दुसरीची मुले काळ्या मातीचे बैल करण्यात रंगून गेली होती. एवढ्यात एका मुलाने शेजाऱ्याचा पुरा झालेला बैल उचलला आणि जमिनीवर आपटला. मी त्याला सर्वांदेखत म्हणालो, "हेवा वाटतो काय रे तुला?" आणि दाराशी एकटा बसविला. त्याने चकार शब्द काढला नाही. पोळा झाल्यावर दोन दिवस तो शाळेत आला नाही, म्हणून मी त्याच्या घरी गेलो. गोठा रिकामा होता. आठवड्यापूर्वीच घरची बैलजोडी बाजारात विकली गेली होती. ज्याला मी हेवा म्हटले, ते दुःख होते. मुलाला त्याचे नाव ठाऊक नव्हते. आणि ज्याला ठाऊक असावयास हवे, त्या मी त्याला भलतेच नाव दिले.

आपल्या देशात भावनांचा विचार फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा व विस्मय असे आठ स्थायी भाव सांगितले आहेत. सहा वर्षांच्या मुलापाशी मात्र बहुधा दोनच शब्द असतात : "चांगलं वाटतं" आणि "वाईट वाटतं". भीती, लाज, हिरमोड, हेवा, पोरकेपणा हे सारे त्या एका "वाईट"मध्ये कोंबलेले असते. जे शब्दांत येत नाही ते हातापायांत उतरते, आणि मग आपण मुलाला खोडकर ठरवितो. म्हणून भावनेला नाव देणे हे भाषेच्या तासाचेही काम आहे. घरची बोली येथे फार उपयोगी पडते. पोटात गोळा येणे, घशात आवंढा दाटणे, छातीत धडधडणे, कान तापणे, हे शब्दप्रयोग मुलांनी घरी ऐकलेले असतात. "तुझ्या पोटात गोळा केव्हा आला होता?" या प्रश्नाला मूल चटकन उत्तर देते; "तुला भय केव्हा वाटले?" याला देत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिले काम मातीच्या मुखवट्याचे. प्रत्येक मुलास पेरूएवढा मातीचा गोळा द्यावा. तो चपटा करून डोळ्यांसाठी चिंचोके बसवावेत. भुवया व ओठ काडीने कोरावेत. भुवया एकमेकींजवळ ओढून खाली आणल्या की चेहरा रागावलेला दिसतो. त्यांची आतली टोके वर उचलली आणि ओठांचे कोपरे खाली वळविले की तो दुःखी होतो. मुलांनी एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहून हे स्वतः शोधावे. आपण सांगू नये. यानंतर तोच गोळा मोडून दुसरा चेहरा करावयास लावावा. खरा पाठ या मोडण्यात आहे. माती तीच राहते, चेहरे बदलतात. राग येतो आणि जातो. मूल मुळात "रागीट" नसते.

दुसरे काम बाहुल्यांचे. वाळलेल्या पानांची पत्रावळ, ज्वारीचे धांडे, चिंध्या, खराट्याच्या काड्या एवढे साहित्य पुरे. पैशावाचून अडू नये, हा धडा ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आपणांस घालून दिला आहे. 1945 साली बोर्डी येथे आणि 1957 नंतर कोसबाड येथे त्यांनी पाने, बिया, शिंपले अशा परिसरातील वस्तूंवर बालशिक्षण उभे केले. जे मूल स्वतःच्या तोंडाने बोलत नाही, ते बाहुलीच्या तोंडाने बोलते, असा माझा अनुभव आहे.

तिसरे काम गोष्टीचे. चिमणी-कावळ्याची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. पावसात शेणाचे घर वाहून गेले, कावळा मेणाच्या घराच्या दाराशी आला आणि चिमणी दार उघडीना, येथे थांबावे. मग विचारावे : कावळ्याला काय वाटले असेल? आतल्या चिमणीला काय वाटले असेल? तुम्ही कधी बंद दाराबाहेर उभे होता काय? माझ्या वर्गात सर्वांनी चिमणीला दुष्ट ठरविले. तेव्हा एक मुलगी उठून म्हणाली, "तिला भीती वाटली असेल. कावळा पिल्लं खातो." वर्ग क्षणभर गप्प झाला. एकाच दाराच्या दोन बाजूंना दोन निराळ्या भावना असतात, हे त्या मुलीने शिकविले. यावर तात्पर्याची मोहोर उठविण्याचा मोह आपण आवरावा.

काही पथ्येही सांगतो. मुलाच्या घरची दुःखे वर्गापुढे उकरू नयेत. बोलावयाचे नसेल त्याला गप्प राहू द्यावे. "मुलीसारखा रडतोस काय?" हे वाक्य शाळेतून हद्दपार करावे. राग येणे चूक नाही, पण दुसऱ्याचा बैल फोडणे चूक आहे; हा भेद मुलांस शांतपणे सांगावा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे. सर्वांदेखत केलेला पाणउतारा त्या मनाईच्या किती जवळ जातो, याचा विचार मी त्या दिवशी केला नव्हता.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. तो शाळेत परतला तेव्हा मी माती घेऊन त्याच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "त्या दिवशी मी तुला चुकीचं बोललो." तो काही बोलला नाही. पुष्कळ वेळाने त्याने दोन बैल केले. एकाचे शिंग अर्धेच ठेवले होते. ते पुरे करण्यास मी सुचविले, तेव्हा तो म्हणाला, "नको गुरुजी. आमच्या बैलाचं असंच होतं." एवढे बोलल्यावर त्याला रडू आले, आणि मी त्याला रडू दिले. शेजाऱ्याला नवा बैल करून देण्याचे त्याने दुसऱ्या दिवशी आपणहून मनावर घेतले.

आठवड्यातून एक तास या कामास द्यावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.