समाधी नसलेला वीर



१० जुलै ही तारीख यवतमाळ जिल्ह्याला नवी नाही. १९३० साली याच दिवशी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव रानातले गवत कापून सरकारचा जंगल कायदा मोडला. त्यानंतर बरोबर १४ वर्षांनी, १० जुलै १९४४ रोजी, त्याच सरकारच्या फौजेतला एक मराठी नाईक इटलीत धारातीर्थी पडला. आज आम्ही त्याच्याविषयी चार शब्द बोलणार आहोत.

त्याचे नाव यशवंत घाडगे. गाव पळसगाव, तालुका माणगाव; जिल्हा तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड. वय अवघे २२. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत तो एका तुकडीचा नायक होता. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मनांच्या एका बळकट ठाण्यावर त्याच्या कंपनीने चाल केली. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि घाडग्यांचा प्रत्येक जोडीदार मेला तरी किंवा जखमी तरी झाला. उभा राहिला तो एकटा नायक.

तो मागे फिरता, तर त्याला कोणी बोल लावला नसता. पण तो पुढे धावला. हातबॉम्ब टाकून त्याने मशीनगन आणि ती चालविणारा, दोन्ही निकामी केले. दुसऱ्याला टॉमीगनने टिपले. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती. तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्याच तडाख्यांनी उरलेल्या दोघांना लोळविले. इतक्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत शिरल्या. जे ठाणे त्याने एकट्याने जिंकले, त्यातच त्याने प्राण सोडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता आपल्यापैकी कोणी विचारील, की अण्यांनी ज्या सरकारचा कायदा मोडला, त्याच सरकारच्या चाकरीत मेलेल्याचे गुणगान या व्यासपीठावरून कशासाठी? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की राज्यकर्त्याचे धोरण एका तागडीत तोलावे आणि शिपायाचे शौर्य दुसऱ्या. युद्ध कोणाशी करायचे हे नाईक ठरवीत नसतो. जोडीदार पडल्यावर आपण काय करायचे, एवढेच त्याच्या हाती असते. पुसदच्या रानात आणि इटलीच्या खोऱ्यात जिवाची वा सुखाची पर्वा न करण्याचा गुण एकच होता. एकाला मान दिल्याने दुसऱ्याचा मान उणा होत नाही.

या वीराची समाधी मात्र कोठेच नाही. इटलीत कासिनो येथे, ज्यांच्या कबरी ठाऊक नाहीत अशा ४ हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरलेले स्मारक आहे. त्यांतच यशवंत घाडगे हे नाव आहे. माणगावच्या तहसील कचेरीत त्याचा पुतळा आहे. २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावाने तेथील लष्करी इतिहासकारांच्या साह्याने त्याच्या नावे सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. त्यावरील लॅटिन वचनाचा अर्थ असा, की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. परक्या गावाने ७९ वर्षांनी एका कोकणी शेजाऱ्याची आठवण केली, ही गोष्ट आपल्याला विचार करायला लावणारी आहे.

त्या मोहिमेत ५० हजारांवर हिंदी सैनिक लढले आणि ५,७८२ परत आले नाहीत. घाडग्यांना पदक मिळाले म्हणून त्यांचे नाव उरले. त्यांच्या तुकडीतले जे जोडीदार त्या दिवशी पडले, त्यांची नावे आज किती जणांना सांगता येतील?

म्हणून आमची एकच विनंती आहे. आपल्या तालुक्यातून, आपल्या आळीतून कोणी लढाईवर गेला असेल, तर त्याच्या घरच्यांना विचारा. त्याचे नाव, पलटण, साल एका वहीत उतरवून ग्रंथालयात ठेवा. समाधी बांधायला दगड लागतो, पैसा लागतो. नाव टिकवायला वही आणि दौत पुरते.