चुकलेली आमटी आणि फसलेले सिनेमे

(१९८४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. शेवटचा परिच्छेद स्मरणिकेसाठी नंतर जोडला आहे.)

व्यासपीठावरचे आदरणीय गुरुजन, आणि समोर बसलेल्या, टक्कल व चष्मे यांमुळे पटकन ओळखू न येणाऱ्या माझ्या वर्गमित्रांनो आणि मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "प्रत्येकानं आपल्या यशाबद्दल दहा मिनिटं बोलायचंय." मी म्हटलं, माझं यश दहा मिनिटं पुरणार नाही. बत्तीस वर्षं सरकारी खात्यात कारकुनी केली, त्यात सांगण्यासारखं एवढंच की एकही फाईल हरवली नाही. तेव्हा मी आज फसण्याबद्दल बोलणार आहे. फसलेला स्वयंपाक, फसलेले सिनेमे, आणि ते फसलेलं पाहून बोलणारी माणसं. विषय विचित्र वाटेल, पण शेवटी तो आपल्या शाळेतच येऊन थांबतो. थोडा धीर धरा.

२०२२ च्या मार्चमध्ये माझ्या पत्नीला पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, वाचाही पुष्कळशी परत आली, पण उजवा हात गेला. घरी आणलं त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की लग्नाला तीस वर्षं झाली तरी घरात हिंगाची डबी कुठे असते ते मला माहीत नाही. मुलगी पुण्यात नोकरीला. ती पंधरा दिवस राहिली आणि जाताना माझा मोबाईल टीव्हीला जोडून देऊन म्हणाली, "बाबा, आता हे बघून करा. आणि आईला विचारा."

तेव्हापासून ही स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसते आणि मी ओट्याशी उभा राहतो. मधुरा बाचल यांचे व्हिडिओ तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी पाहिले जात असतील. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी, 'आपली आजी' नावानं नातवाच्या मदतीनं पदार्थ दाखवतात, त्याही आमच्या घरातल्याच झाल्या. या बायकांचे माझ्यावर फार उपकार आहेत. माप सांगतात, क्रम सांगतात, हाताची सवय डोळ्यांना दाखवतात.

पण एक अडचण होती. व्हिडिओतली भाकरी प्रत्येक वेळी फुगते. माझी फुगत नव्हती. थापताना काठाला भेगा पडायच्या, तव्यावर टाकताना मोडायची. पडद्यावर सगळं सुरळीत, आणि माझ्या परातीत महाराष्ट्राचा नकाशा. मग खुर्चीतून आवाज यायचा, "पीठ जुनं आहे. जुन्या पिठाचा चिकटपणा जातो. आधणाचं पाणी घाल, आणि मळताना हाताच्या तळव्यानं रगड." दुसऱ्या दिवशी, "वरचं पाणी पार वाळेपर्यंत थांबलास, म्हणून चिरली. जरा ओलं असतानाच उलट." पहिल्या आमटीला म्हणाली, "मोहरी तडतडायच्या आत हिंग-हळद टाकलीस. मोहरी कच्ची लागतेय. आणि डाळ घोटलीच नाहीस, पाणी वर आणि डाळ खाली." नंतर थांबून म्हणाली, "पण गूळ-आमसूल बरोबर पडलंय."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

मधल्या काळात मी एक मूर्खपणाही केला. मोबाईलवर एक छोटा व्हिडिओ आला होता. पाच-सहा पोळ्या लाटायच्या, एकावर एक कुकरमध्ये ठेवायच्या, दोन मिनिटांत सगळ्या भाजून तयार. मी केलं. त्या पोळ्या सुरीनं खरवडून काढाव्या लागल्या. मुलीला फोनवर सांगितलं तर ती इतकी हसली की हिलाही हसू आवरेना. तीन महिन्यांत पहिल्यांदा ही हसली होती. मुलीनं लगेच एका ऑस्ट्रेलियातल्या बाईंचे व्हिडिओ पाठवले. अ‍ॅन रीअर्डन त्यांचं नाव. 'हाउ टू कुक दॅट' नावानं त्या २०११ पासून केक आणि गोड पदार्थ दाखवतात. शिक्षणानं आहारशास्त्रातल्या, म्हणून असल्या खोट्या युक्त्या त्या तपासतात. पद्धत साधी. व्हिडिओत सांगितलंय तसंच, तेवढंच साहित्य घेऊन कॅमेऱ्यासमोर करून बघायचं. फसतं. मग का फसलं ते सांगायचं. उष्णता आतपर्यंत पोचायला इतका वेळ लागतो, हे पीठ असं फुलूच शकत नाही, वगैरे. आपल्या विज्ञानाच्या बाई हेच करायच्या. "पुस्तकात लिहिलंय म्हणून मानू नका, परीक्षानळी घ्या."

मुलीला आईचं हसू हवं होतं. तिनं पुढचं टपाल पाठवलं ते वाईट सिनेमांचं.

अमेरिकेत मिलवॉकी नावाच्या शहरात 'रेडलेटर मीडिया' म्हणून एक मंडळी आहे. माइक स्टोक्लासा, जे बाउमन आणि त्यांचे मित्र. २००९ च्या डिसेंबरात स्टोक्लासानं 'स्टार वॉर्स'च्या १९९९ मधल्या चित्रपटावर सत्तर मिनिटांचं परीक्षण टाकलं. एका खडूस, विक्षिप्त म्हाताऱ्याच्या आवाजात. त्यातले काही विनोद घरच्यांसमोर बघण्यासारखे नाहीत, आम्ही ते पुढे सरकवले. माझं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे, खालची अक्षरं वाचत आणि मुलीला विचारत पाहिलं. पण त्यात एक परीक्षा आहे, ती मला फार आवडली. तो काही जणांना विचारतो की या चित्रपटातल्या अमुक पात्राचं वर्णन करा, पण त्याचं रूप, कपडे, काम आणि कथेतली जागा यांतलं काही सांगायचं नाही. जुन्या चित्रपटातल्या पात्रांबद्दल माणसं भडाभडा बोलतात. धाडसी, थापाड्या, मनानं चांगला. नव्या पात्रांची वेळ आली की गप्प. दाढी होती, एवढंच आठवतं. कोट्यवधी डॉलर खर्चून केलेल्या चित्रपटात नेमकं काय राहून गेलं, ते एका प्रश्नात उघडं पडलं.

ती परीक्षा मी मनात आपल्या शाळेला लावून पाहिली. गणिताच्या सरांचं वर्णन करा, पण टोपी, छडी आणि बीजगणित सांगायचं नाही. मला आठवलं, सहामाहीला माझं पेन गळायला लागलं तेव्हा सरांनी खिशातलं स्वतःचं पेन दिलं आणि दोन तास पर्यवेक्षणाच्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलं. तुम्हालाही असंच काही आठवेल. म्हणजे आपले शिक्षक त्या परीक्षेत पास. (इथे सरांनी हात वर केला, टाळ्या झाल्या.)

याच मंडळींचा 'बेस्ट ऑफ द वर्स्ट' नावाचा कार्यक्रम आहे. जुन्या, कुणी न पाहिलेल्या व्हिडिओ कॅसेट घ्यायच्या, एकत्र बसून पाहायच्या, आणि मग वाद घालायचा की त्यातली सगळ्यात चांगली वाईट कोणती. आणि शेवटी सगळ्यात वाईट कॅसेट मोडून टाकायची. आम्ही हसत होतो. ती कॅसेट मोडली तेव्हा मात्र ही म्हणाली, "मोडायची कशाला? कुणीतरी जीव लावून केलं असेल ना."

मी तेव्हा काही बोललो नाही. पण मग मी अशा सिनेमांची मागची बाजू वाचायला लागलो. एकच सांगतो. 'मॅनोस: द हँड्स ऑफ फेट' हा १९६६ चा चित्रपट जगातल्या सर्वांत वाईट चित्रपटांत मोजतात. टेक्सासमधल्या एल पासो गावात खतं विकणाऱ्या हॅरॉल्ड वॉरेन नावाच्या माणसानं पैजेवर तो काढला. खर्च सुमारे १९ हजार डॉलर. कॅमेरा चावीचा, एका वेळी जेमतेम बत्तीस सेकंद चालणारा. आवाज नंतर स्टुडिओत भरले, तेही दोन-चार माणसांनी मिळून सगळ्यांचे. रात्रीच्या दृश्यात दिव्याभोवती पाखरं फिरताना दिसतात. गावातल्याच थिएटरात पहिला खेळ झाला, आणि लोक हसायला लागले. त्यात एका लहान मुलीनं काम केलं होतं. पडद्यावर आपलं तोंड हलतंय आणि आवाज मात्र दुसऱ्याच कुणाचा येतोय, हे पाहून ती रडली. १९९३ साली तिकडच्या एका दूरदर्शन मालिकेनं तो चित्रपट टिंगल करत दाखवला आणि तो प्रसिद्ध झाला. पुढे त्याची मूळ फिल्म एका तरुणाला सापडली, त्यानं लोकांकडून वर्गणी काढून ती नीट स्वच्छ करून घेतली. ज्याला जग हसलं, तेच जपायला जग पैसे देतं. असं का, याचा मी बराच विचार केला.

मला वाटतं, खरा समीक्षक आणि टवाळखोर यांत फरक असा. दोघंही चूक पाहतात. टवाळखोर चूक पाहून थांबतो. समीक्षक विचारतो, "याला करायचं काय होतं?" तिथून तो मोजतो की ते किती हुकलं आणि कुठे. त्यासाठी सबंध सिनेमा पाहावा लागतो, सबंध आमटी खावी लागते. आपल्या मराठीच्या सरांची तांबडी शाई आठवा. ते चुकलेल्या शब्दाखाली रेघ मारायचे, आणि समासात लिहायचे, "इथे काय म्हणायचं होतंस?" माझ्या नवव्याच्या निबंधाच्या वहीत हे सात ठिकाणी आहे. ती वही मी आणली आहे. आणि शेवटी लिहिलंय, "आजोबांचा परिच्छेद चांगला." गूळ-आमसूल बरोबर पडलंय. तेच ते.

आता मी ज्यासाठी उभा राहिलो ते सांगतो.

१९८३ चं स्नेहसंमेलन. आपल्या वर्गातल्या एकानं स्वतः एकांकिका लिहिली होती. त्याचं नाव मी घेत नाही, तो तिसऱ्या रांगेत बसला आहे. कुणाच्या पुस्तकातली नाही, स्वतःची. म्हाताऱ्या बापाचं काम तोच करत होता. कापसाची दाढी एका बाजूनं सुटली. पडद्याआडून वाक्य सांगणाऱ्याचा आवाज नटांपेक्षा मोठा येत होता. मी मागच्या रांगेत होतो. मी ओरडलो, "बापाला न्हाव्याकडे न्या!" सगळा मांडव हसला. माझी तर दोन दिवस वाहवा झाली. तो मात्र बोलायचा थांबला, दाढी हातात घेऊन क्षणभर उभा राहिला, आणि आत निघून गेला. पडदा पडला. दहावीत त्यानं संमेलनात भाग घेतला नाही. त्यानंतरही त्यानं काही लिहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मी ती कॅसेट मोडली होती. आणि नाटक मी सबंध पाहिलंसुद्धा नव्हतं.

मित्रा, चाळीस वर्षं उशीर झाला, पण सगळ्यांसमोर हसलो होतो म्हणून सगळ्यांसमोरच माफी मागतो. आणि जो प्रश्न मी तेव्हा विचारायला हवा होता तो आज विचारतो. तो म्हातारा बाप गावाहून ट्रंक घेऊन आला होता. त्या ट्रंकेत काय होतं? त्या नाटकाचा शेवट काय होता?

उत्तर आत्ताच दे असं नाही. जेवताना दे. आजच्या जेवणातली आमटी मी केली आहे. चुकली असेल तर सांगा, पण पानात वाढलेली संपवून सांगा.



(जोड: जेवणाच्या वेळी तो स्वतःच पान घेऊन माझ्या शेजारी बसला. आमटी चाखून म्हणाला, "मीठ पाव चमचा कमी." मग बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी म्हणाला, "अरे, त्या ट्रंकेत काय आहे ते मलाच सुचलं नव्हतं. शेवट लिहिलाच नव्हता. तू ओरडलास म्हणून सुटलो." आणि हसला. हे खरं, की मला बरं वाटावं म्हणून त्यानं सांगितलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. निघताना मात्र त्यानं माझ्याकडून मराठीच्या सरांच्या शाईची ती वही वाचायला मागून नेली. अजून परत केलेली नाही. मी मागितलेलीही नाही.)