वेळ हेच आपले भांडवल
(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत एका खेड्यातील शिक्षकाने केलेले भाषण)



सावकाराची वही आपण सर्वांनी पाहिली आहे. तीत एकही दिवस सुटत नाही. आपण झोपलो तरी व्याज चालू, पंगतीत बसलो तरी व्याज चालू. सावकार नुसत्या पैशावर मोठा झाला नाही. दिवस मोजण्याची विद्या त्यास आली होती. आपणापाशी जमीन थोडी, पैसा त्याहून थोडा. पण दिवसाचे चोवीस तास त्यास व आपणास सारखेच मिळाले आहेत. त्यांचा हिशेब आपण कधी मांडला आहे काय?

आपल्यातीलच एका पुरुषाने तो मांडला. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांचे सहकारी व 'दीनबंधू'चे संपादक. मुंबईच्या गिरण्यांत त्या काळी कामगार दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत राबत. आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. लोखंड्यांनी १८८४ साली सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. मागणे काय? आठवड्यास एक दिवस विसावा व दुपारी अर्धा तास भाकरीस. एवढ्यासाठी सहा वर्षे झगडावे लागले, तेव्हा १८९० च्या जून महिन्यात रविवारची सुटी पदरी पडली. बंधूंनो, हा रविवार कोणी दान दिलेला नाही. तो पारावर पत्ते कुटण्यात घालविताना थोडी तरी लाज वाटावी.

कोणी म्हणेल, 'मास्तर, दिवसभर राबल्यावर विसावाही घेऊ नये काय?' घ्यावा, अवश्य घ्यावा. विसावा म्हणजे वेळ फुकट घालविणे नव्हे. पण १८५५ साली जोतीराव व सावित्रीबाईंनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हा दिवसभर राबलेली माणसेच तेथे अक्षरे गिरवीत होती. रोजचा एकच तास धरा. वर्षाचे ३६५ तास झाले. आठ तासांचा दिवस मानला तर पंचेचाळीस दिवसांहून अधिक. एवढ्यात सातबारा वाचता येईल, सोसायटीचा कर्जरोखा समजून मग अंगठ्याऐवजी सही करता येईल. न वाचता उठविलेल्या एका अंगठ्याने किती वावरे गेली, हे आपणांस आम्ही सांगावयास नको.

आता पुरुषमंडळींस एक कडू गोष्ट. बैलास पोळा आहे, गिरणीवाल्यास रविवार आहे. घरच्या बाईस कोणता वार आहे? तिची पहाट पाण्यात व रात्र चुलीपाशी जाते, आणि तो वेळ कोणत्याच वहीत धरला जात नाही. आमच्या हजेरीपटात मुलीच्या नावापुढे गैरहजेरी लागते, ती बहुधा आळसाची नसते. धाकटे भावंड सांभाळण्याची, नाही तर हंड्याची असते. मुलाच्या वेळेस आपण भांडवल म्हणतो व मुलीचा वेळ फुकट वापरतो. मग सावकारात व आपणांत फरक तो काय राहिला?

म्हणून आजच्या सभेपुढे आमची एकच विनंती आहे. उद्यापासून प्रत्येक घरात एक हंडा पुरुषाने आणावा. त्यातून जो तास वाचेल तो मुलीच्या नावे जमा करावा. या ठेवीवर जे व्याज येईल, ते कोणताही सावकार बुडवू शकणार नाही.

सत्याचा जय असो.